कोरडं होईपर्यंत

प्रिय घाईराव,

अक्षर ओळखलंस का? उजव्या हाताची दोन बोटं गेली की अक्षर असंच वेडंवाकडं येतं, त्यामुळे ओळखलं नसलंस तरी राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही.

आता आपली ती प्रयोगशाळा मी चालवते. मुलांना अजूनही प्लास्टिकच्या काड्या जोडूनच शिकवते. कार्बनला आपले चार हात ऐसपैस पसरायला आवडतात. तीन कार्बनचं कडं करायचं तर ते हात दाबून वाकवावे लागतात आणि तो ताण रेणूच्या पोटात साठून राहतो. कोरड्या पदार्थाला जरा ऊब किंवा धक्का लागला की सगळा एकदम बाहेर. तू तर अशी कडी एकमेकांत जखडायला निघाला होतास. वाकवताना काडी कडकडली की तू हसायचास आणि मी तुझ्याकडे बघत बसायचे. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझं शिवाय ढ होतं.

आपलं ठरलं होतं, पदार्थ द्रावणातच ठेवायचा, बर्फात, पूर्ण सुकवायचा नाही. तुला मात्र सरांना वजन दाखवायची घाई. मी जेवायला गेले तेवढ्यात तू कोमट पाण्यावर सगळं द्रावण आटवलंस, वजन केलंस आणि तो फ्लास्क माझ्या टेबलावर ठेवून सरांना बोलवायला पळालास. मी तो उचलला. चौकशीत तुझ्या सांगण्यावरून हलगर्जी मी ठरले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. शोधनिबंधात तू लिहिलंस, ‘कोरडं होईपर्यंत सुकवावं.’ स्फोटाबद्दल अवाक्षर नाही.

हे आज उकरून काढायचं कारण तुझी लेक. ती माझ्याकडे संशोधन करते, मला मावशी म्हणते. तिने तोच रेणू निवडलाय. सुकवू नकोस म्हटलं, तर म्हणाली, बाबांनी सुकवला होता ना, बाबा चुकीचं लिहितील का? खरं काय ते सांगायला गेले, तर तिला वाटलं, मी तुझ्यावर जळते. इथे मी तिला अडवेन. पण पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या प्रयोगशाळेत जातेय, तुझाच निबंध घेऊन. ती ऐकेल तर फक्त तुझं. तेव्हा तिला तूच सांग. कदाचित ती तुझ्याशी बोलणं टाकेल. पण तिचे हात शाबूत राहतील.

तुझीच असं आता लिहवत नाही, म्हणून नुसतीच,
तुझ्या लेकीची मावशी