माझ्या गाडीला अडवणारे दोन गतिरोधक जागेवरच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. रस्ते अभियंता,
नगर बांधकाम कार्यालय,
दुसरा मजला, जिना संपतो तिथून डावीकडे.

(आवक टेबलास विनंती : हा अर्ज वाहनधारकाचा आहे. कृपया ‘सामान्य सूचना’ या पेटीत टाकू नये.)

विषय : शाळेच्या गल्लीतील दोन्ही गतिरोधक येत्या सोमवारी सकाळी सात वाजता काढून टाकण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपला गेल्या मंगळवारचा आदेश.
२) माझे मागील एकतीस अर्ज, ज्यांना आपल्याकडून अद्याप क्रमांक मिळालेला नाही.

महोदय,

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, शाळेच्या फाटकासमोरच्या घरात राहणारा, आपणास सविनय कळवतो की, आपण माझ्यासाठी जे काही मंजूर केले आहे ते मला नको आहे. अशी विनंती आपल्या कार्यालयात यापूर्वी कोणी केली नसल्याचे आपले कारकून सांगतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१. मी आजवर एकही वाहन बाळगले नाही. सायकल होती, तिची साखळी आमच्या हिला बसवावी लागे. असे असताना गेल्या महिन्यात मी एका अतिवेगवान मोटारीचा मालक झालो. घडले ते असे. निवृत्तीनंतरही मी रोज दुपारी शाळेत जातो आणि लहान वर्गांना गोष्टी व गणित शिकवतो. मुलांसाठी मी खडूरंगांच्या चाळीस पेट्या घेतल्या. दुकानदाराने प्रत्येक पेटीमागे सोडतीची एक चिठ्ठी दिली. चाळीस चिठ्ठ्या एकट्याने भरण्यापेक्षा सुलेखनाचा तास होईल म्हणून मी त्या दुसरीच्या वर्गात वाटल्या. मुलांनी प्रत्येकीवर माझे नाव घातले. त्यातली एक निघाली. त्या चिठ्ठीवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गोष्ट सांगतात, पण मधेच पाढे विचारतात’ असे लिहिलेले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

२. गाडी एका लांब, सपाट ट्रकवर बसून आली. ट्रकचे पोट उंच असल्याने तो गतिरोधकावरून सहज आला, गाडी शाळेच्या फाटकापाशी उतरवून ठेवली आणि गेला. गाडी पिवळी आहे, दोन माणसांची आहे आणि तिच्यात सहाशे घोड्यांची ताकद आहे. आमची ही दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “सहाशे घोडे आणलेत, आता चारा कोण घालणार?” समोरच्या शिंप्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “गुरुजी, कापड भारी आहे. पण अंगाला बसेल असं वाटत नाही.” तो कपड्यांविषयी सहसा चुकत नाही. गाडीची बैठक इतकी खाली आहे की मी आत बसतो तो स्वतःच्या इच्छेने, पण बाहेर येतो तो चौथीच्या दोन मुलांनी हात ओढल्यावर.

३. तिसऱ्या दिवशी अडचण लक्षात आली. आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांशी एकेक गतिरोधक आहे. मुलांनी लाकडी पट्टी घेऊन मोजले. गाडीच्या पोटाखाली अकरा सेंटिमीटर जागा आहे, आणि गतिरोधकाची उंची सतरा सेंटिमीटर आहे. सतरातून अकरा गेले की सहा उरतात, आणि या सहामुळे गाडी गल्लीबाहेर जाऊ शकत नाही, हे पहिलीच्या मुलांनाही समजले. वजाबाकीचा इतका चांगला धडा मला चौतीस वर्षांच्या नोकरीत सापडला नव्हता.

४. दोन गतिरोधकांमध्ये माझ्या पावलांनी एकशे दहा पावले अंतर आहे. एवढ्यात गाडी चालवता येते. मला चालवता येत नाही, म्हणून खारूताई चालवते. खारूताई ही माझी जुनी विद्यार्थिनी, वय एकोणीस, बेकरीची पाव पोहोचवणारी गाडी चालवते. पाव वाटून झाले की ती येते आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणते. गाडीची कमाल गती ताशी तीनशे वीस किलोमीटर आहे. आम्ही ताशी सहाने जातो. शाळा सुटलेली असेल तर मुले आमच्या पुढे निघून जातात आणि मागे वळून थांबतात.

५. येथे गतिरोधकांविषयी सांगणे भाग आहे. बारा वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, शाळा सुटल्यावर दुसरीतली एक मुलगी फाटकातून बाहेर आली आणि भरधाव आलेल्या गाडीने तिला उडवले. पाय दोन ठिकाणी मोडला. ती मुलगी म्हणजे खारूताई. झाडावर चढण्यात तिचा हात कोणी धरत नसे, म्हणून ते नाव पडले होते. नाव राहिले, चढणे गेले. त्या आठवड्यात मी आपल्या कार्यालयास पहिला अर्ज केला. नऊ वर्षांत ते एकतीस झाले. दर वेळी आपले कारकून मला समजावून सांगत, “आजोबा, रस्ता वाहनांसाठी असतो. चालणाऱ्यांचं म्हणणं त्या पेटीत टाका.” ती पेटी मी पाहिली आहे. रंगकाम करताना तिची फट रंगाने बुजली आहे आणि वर कुंडी ठेवलेली आहे. मी माझे अर्ज कुंडीखाली ठेवत असे. तीन वर्षांपूर्वी, बहुधा कुंडी हलू लागल्यामुळे, एक दिवस दुपारी डांबर आले आणि दोन गतिरोधक झाले. सतरा सेंटिमीटर का झाले हे विचारू नये. मी तेव्हा मुलांना रांगेत आणून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवसापासून फाटकासमोर एकाही मुलाला खरचटलेले नाही.

६. आता माझी चूक. गेल्या आठवड्यात मी आपल्या कार्यालयात केवळ एक शंका विचारायला आलो होतो. गतिरोधकाची उंची किती असावी असा काही नियम आहे काय, एवढेच. मला वाटले होते, मुलांना नियम आणि पट्टी यांची तुलना करून दाखवता येईल. कारकुनांनी सवयीने पेटीकडे बोट दाखवले. मग त्यांनी विचारले, “वाहन आहे का?” मी होय म्हणालो. “कोणतं?” मी सांगितले. त्यांनी खुर्ची पुसली. बारा वर्षांत मी त्या खोलीत प्रथमच बसलो. ‘आजोबा’चे ‘सर’ झाले आणि माझ्यापुढे ‘वाहनधारकाची तक्रार’ हा छापील नमुना आला. त्यात शंका लिहिण्यास जागा नाही. वाहनाची लांबी, रंग आणि कमाल गती यांना जागा आहे. विचारले ते खरे लिहावे असे मी मुलांना शिकवतो, म्हणून मी तीनशे वीस लिहिले.

७. चौथ्या दिवशी उत्तर आले. नऊ वर्षे आणि चार दिवस यांचे गुणोत्तर मी सातवीच्या मुलांना काढायला दिले होते. एका मुलीने उत्तर काढून शेजारी लिहिले, ‘गुरुजी, गाडी आधीच घ्यायची होती.’ तिला पूर्ण गुण द्यावे लागले.

८. आपल्या आदेशातील कलमे मी तीनदा वाचली. (क) दोन्ही गतिरोधक सोमवारी सकाळी सात वाजता काढावेत. (ख) शाळेच्या फाटकामुळे वाहनास अडथळा होत असल्याने ते बंद करून मागील बाजूस नवे करावे. मागील बाजूस ओढा आहे. (ग) सदर वाहनाची कमाल गती विचारात घेता गल्लीची लांबी अपुरी असल्याने ती शाळेच्या मैदानातून पुढे वाढवावी. महोदय, दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, हे आम्ही पाहिलेले आहे. परंतु पखालीला औषध पाजून मग म्हशीलाच ओढ्यात लोटण्याचा प्रकार नवा आहे.

९. आदेश मिळताच मी धावत, म्हणजे माझ्या मानाने धावत, आपल्या कार्यालयात आलो आणि तक्रार मागे घेतो असे सांगितले. कारकून खरोखर गोंधळले. म्हणाले, “सर, मंजूर झालेलं कोणी परत करत नाही. तसा नमुनाच छापलेला नाही.” मी म्हटले, मग मी पादचारी म्हणून हरकत घेतो. ते हळू आवाजात म्हणाले, “पादचारी म्हणून घेतलीत तर ती कुंडीखाली जाईल. वाहनधारकाची हरकत आली तरच काम थांबतं, आणि तिला चार दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी सांगितलं असं सांगू नका.” मी सांगितलेले नाही. फक्त लिहिले आहे. ते सज्जन गृहस्थ आहेत. पेटीची फट बुजली, पण नियमांतली फट त्यांनी बुजवलेली नाही.

१०. म्हणून हा अर्ज वाहनधारक या नात्याने करत आहे. माझी मागणी अशी : ‘या गल्लीतून वाहने बेफाम वेगाने जातात. फाटकासमोर नेहमी उभी असलेली माझी गाडी ही अत्यंत मौल्यवान असून तिला सहज इजा होऊ शकते. एकदा झालेली इजा पूर्णपणे भरून येत नाही. तरी कृपया गतिरोधक असावेत.’ हा मजकूर नवा नाही. माझ्या एकतीस अर्जांत तो शब्दशः आहे. तेथे ‘उभी असलेली माझी गाडी’ याऐवजी ‘उभी असलेली आमची मुले’ असे होते. बाकी व्याकरणापुरता फेरफार सोडल्यास काना-मात्राही बदललेली नाही. कृपया कुंडी उचलून जुळवून पाहावे.

११. एवढ्यानेही भागले नाही तर काय, याचा विचार आम्ही केला. सोमवारी साडेसहा वाजता खारूताई गाडी नेऊन एका गतिरोधकाला अगदी चिकटून आडवी उभी करील. दुसऱ्या गतिरोधकापाशी तिच्या बेकरीची गाडी असेल, पावांसह. पिवळ्या गाडीत तिच्या शेजारी मी बसेन. आपल्या माणसांनी मला दटावू नये. मी उतरायला तयार आहे. परंतु हात ओढणारी चौथीची मुले आठ वाजता येतात. खारूताईला मी म्हटले, तू यात पडू नकोस, नोकरी जाईल. ती गाडीची काच पुसत होती. म्हणाली, “गुरुजी, मी यात बारा वर्षांपूर्वीच पडलेय.” मी दुसरी काच पुसायला घेतली.

१२. शेवटची बाब मालकीची. चिठ्ठीवर नाव माझे असले तरी रंग मुलांचे होते आणि अक्षरही मुलांचे. चाळीस मुलांना गाडी आणि बाकीच्यांना नाही, असे केले असते तर वर्गात भांडणे झाली असती. म्हणून काल मी वाहन नोंदणी कार्यालयात जाऊन ही गाडी शाळेतील सर्व एकशे बेचाळीस मुलांच्या आणि माझ्या सामाईक नावावर करण्याचा अर्ज दिला. मालकाचे वय विचारणारा रकाना त्यांच्या नमुन्यात नाही. माझ्या मालकीच्या वेळी तो नव्हता, त्यामुळे मी एकोणसत्तर वर्षांचा आहे हेही त्यांना ठाऊक नाही. तेथील बाईंनी शिक्का मारून पोच दिली आणि विचारले, “दोन माणसांच्या गाडीला एकशे त्रेचाळीस मालक?” मी म्हटले, पाळीपाळीने बसू. त्यांनी पोच परत मागितली नाही.

१३. तेव्हा आज आपल्या अखत्यारीत, माझ्यासह, एकशे त्रेचाळीस नवे वाहनधारक आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येक मुलाने ‘वाहनधारकाची तक्रार’ हा नमुना स्वतःच्या हाताने भरला आहे. प्रत्येकास चार दिवसांत उत्तर द्यावे लागेल, आणि तोवर काम थांबवावे लागेल. उत्तर सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत द्यावे. पहिलीच्या मुलांना जोडाक्षरे अजून झालेली नाहीत, त्यामुळे ‘अत्यावश्यक’ वगैरे टाळावे.

१४. गणित चुकलेल्या मुलाला मी कधी रागावलो नाही. मी त्याला म्हणतो, पुन्हा कर, पण या वेळी जागेवर जाऊन कर. आपणासही तीच विनंती आहे. सोमवारी या. आपली गाडी वळणावर सोडावी लागेल, कारण तीही बहुधा बुटकी असेल. एका गतिरोधकापासून दुसऱ्यापर्यंत चालत या. माझी एकशे दहा पावले आहेत, पहिलीच्या मुलाची एकशे नव्वद होतात. पहिलीचा वर्गनायक आपला हात धरून नेईल. तो मोजताना मधे बोललेले चालत नाही.

तरी आदेशातील तिन्ही कलमे रद्द व्हावीत, ही नम्र विनंती. उंची सतरावरून नियमाप्रमाणे दहा (तो नियम शेवटी आम्हीच शोधला) केल्यास आमची हरकत नाही. गाडीला बाहेर जाण्याची घाई नाही, पण मुलांना एकदा बेकरीपर्यंत जाऊन यायचे आहे.

वार शुक्रवार, मधल्या सुट्टीत.

आपला विश्वासू, एकशे त्रेचाळिसावा मालक आणि पहिल्यापासूनचा पादचारी,
(सही)

सोबत :
१) सोडतीच्या चिठ्ठीची प्रत.
२) उंचीचे मोजमाप, मुलांच्या हस्ताक्षरात. एका ठिकाणी ‘सतरा’ खोडून पुन्हा ‘सतरा’ लिहिले आहे. ते पडताळणीसाठी आहे.
३) मालकी बदलाच्या अर्जाची शिक्क्यासह पोच.
४) वाहनधारकांच्या तक्रारी, नग एकशे बेचाळीस. ‘वाहनाची कमाल गती’ या रकान्यात बहुतेकांनी ‘चालत’ असे लिहिले आहे. एकाने ‘आजी असली की हळू, नसली की पळत’ असे लिहिले आहे. त्याची तक्रार कृपया सर्वांत आधी वाचावी. त्याची आजी सोमवारी गावाला जाणार आहे.