जोड्या पूर्ण आहेत

शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपार

अखेर मी घळीत उतरले! अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या या गावी ग्रंथपाल म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला. पुस्तकांपलीकडे कसलेही धाडस न केलेली मी आज पाठीवर बोजा घेऊन, स्काउट मुलींच्या तुकडीसोबत, लाल खडकांच्या कुशीत बसून हे लिहिते आहे. तुकडीच्या प्रमुख डॅरलीन यांनी वाटेतच नियम सांगितले : एकटीने कुठेही, अगदी झुडपामागेही, जायचे नाही, जोडीदारीण हवीच. शिट्टी झाली की प्रत्येक जोडीने एकमेकींचा हात धरून उंच करायचा. अकरा वर्षांच्या ब्रिनची जोडीदारीण तापामुळे आली नाही, म्हणून ब्रिन माझ्या वाट्याला आली. ‘‘मिस कोरा, तुम्ही हरवलात तर ओरडा मला बसेल हं!’’ असे तिने मला बजावले आणि मुली खिदळल्या. रविवारी तिला दारापर्यंत आणून सोडीन, असा मी तिच्या आईला शब्द दिला आहे.

शुक्रवार, संध्याकाळ

टॉर्टियाच्या पातळ पोळीला पीनट बटर लावून खात होतो, तोच घळीच्या खालच्या अंगाने तीन शिट्ट्या आल्या. तीन म्हणजे संकट. दोन म्हणजे ऐकले, येतो आहोत. डॅरलीननी तात्काळ सर्वांना हात वर करायला लावले. जोड्या पूर्ण होत्या. मी मात्र पाठ केलेल्या धड्यासारखे दोनदा शिट्टी वाजवून उत्तर दिले. डॅरलीन एका थोरल्या मुलीला घेऊन वळणापर्यंत जाऊन आल्या. तिथे घळ कड्याने बंद झालेली. वाळूवर पाऊलही नाही. वारा असेल, म्हणाल्या. येते असे मी कळवले आणि गेले नाही, याची उगीच रुखरुख लागून राहिली आहे.

शनिवार, सकाळ

ब्रिन पाणी आणायला गेली होती. कुणाबरोबर, असे विचारले तर तुमच्याचबरोबर की, म्हणाली. त्या वेळी मी तंबू आवरत होते. चेष्टा पुरे, असे म्हणताच ती रडकुंडीला आली. मीच म्हणे तिचा हात धरून नेले होते. आणि माझा हात फार गार होता.

शनिवार, दुपार

शिट्टी झाली तेव्हा मी मागे बुटाची नाडी बांधत होते. पुढे ब्रिनचा हात वर गेला. त्या हातात दुसरा हात होता. मनगटावर माझे निळ्या पट्ट्याचे घड्याळ.

माझे घड्याळ माझ्या मनगटावर होते.

जोड्या पूर्ण आहेत, असे डॅरलीन समाधानाने म्हणाल्या. मी धावत पोचले तो ब्रिन एकटीच उभी, तळवा शर्टाला पुसत. डॅरलीनना सांगून पाहिले. पहिल्या खेपेला उन्हाने असे होते, म्हणून त्यांनी मला पाणी पाजले. मुली चोरून हसल्या.

आता ब्रिनचा हात सोडायचा नाही.

रविवार, सकाळ

परत निघालो. ब्रिन हात हिसडून घेते. हात उबदार आहे बघ, असे म्हटले, तरी डोळे वर करत नाही. खरी मी कोणती, हे तिला कसे पटवून —

रविवार, कड्याखाली

शेवटच्या चढावर घसरले. घोटा मोडला असावा. सर्वांच्या मागे होते. कुणी पाहिले नाही. जन्मभर हळू बोलले, आता ओरडायला जाते तर आवाज —

तीनदा शिट्टी वाजवली. वर डॅरलीननी तपासणी केली. इथून हात दिसतात. ब्रिनच्या हातात हात. निळा पट्टा.

जोड्या पूर्ण आहेत. पुन्हा तोच वारा, असे कुणी तरी म्हणाले. चालू लागल्या.

पुन्हा तीनदा —

उत्तर आले. दोन शिट्ट्या. बारीक, घाईच्या. ब्रिन. तिने ओळखले. तिनेच —

नको. ‘येऊ नकोस’ याची शिट्टी आम्हाला कुणी शिकवलीच नाही.

येते आहे. खडे घरंगळताहेत. गुणी पोर, नियम मोडायची नाही, एकटीने कुठेही — पावले दोघींची —

ब्रिन, तिचा हात सोड, मी इथे