निशाण खाली होतं

१२ फेब्रुवारी १९३५, थळ

आज वाळूवर घडलं ते क्रमानं लिहिते.

मुंबईचं सहा उतारूंचं विमान ओहोटीला आमच्या वाळूवर उतरतं, त्याचा आज तिसरा मंगळवार. लाल निशाण वर असेपर्यंत वाळूवर कोणी पाऊल टाकायचं नाही. खाली आलं की मोकळं. दोरी माझ्या हाती. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, वेळेची पक्की — म्हणून.

विमान टेकणार, तोच दोन म्हशी आडव्या आल्या. ते तसंच वर उचललं आणि अलिबागच्या अंगाला दिसेनासं झालं. मला वाटलं, गेलं परत मुंबईला. भरती लागली होती, कोळणींचा जवळा खाली वाळूवर वाळत होता, त्या कुरकुरत होत्या. मी निशाण उतरवलं. रंगू कोळीण पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी धावली.

आणि विमान वळसा घालून परत आलं!

ती पालथी पडली. चाकं हातभर वरून गेली. विमान पुन्हा वर — तिसऱ्या खेपेस उतरलं. उतारू सुखरूप. रंगूचं मनगट मोडलं. तोवर निशाण पुन्हा वर होतं. मीच चढवलं असणार.

१३ फेब्रुवारी

वैमानिक म्हणाला, उतरणं जमत नसेल तर वर उचलायचं, वळसा घालून परत यायचं, यात नवीन काही नाही. आम्हाला कोणी सांगितलं होतं?

विमान कंपनीचे व्यवस्थापक रामचंद्रपंत चौकशीला आले. "निशाण वर होतं ना, बाई?"

"होतं."

ती पडली तेव्हा होतंच, असं मनाशी म्हटलं. १९०९ साली कॉलेजात तर्कशास्त्रात पहिली आले होते. त्याचा उपयोग हा असा!

१५ फेब्रुवारी

खोटं बोलली म्हणून एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं. पाच मिनिटांत आत बोलावलं. मुली चकित.

१८ फेब्रुवारी

हुकूम आला. निशाण न जुमानल्याबद्दल रंगूनं यापुढे वाळूवर जवळा वाळत घालायचा नाही. बाकीच्यांना मुभा. ऐन हंगामात! नवरा नाही, एक हात गळ्यात. बंदरावर बायका तिची थट्टा करतात, म्हणे रंगू इमानाला जवला इकाला गेली. हे ऐकूनही मी घरी येऊन वह्या तपासल्या.

२० फेब्रुवारी

रामचंद्रपंतांकडे गेले. सांगितलं — निशाण मी उतरवलं होतं. ते हसले. कागद पुढे सरकवला. रंगूचा जबाब, खाली अंगठा : निशाण वर होतं, चूक माझी.

"ती स्वतः कबूल झाली आहे. तुमचं मन फार मोठं, बाई."

चहा आला. मी घेतला. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं. वर्गात चांगला चढतो की आवाज!

पण रंगूनं असं का सांगावं?

२१ फेब्रुवारी

रंगूच्या घरी जाऊन आले. तिनं डाव्या हातानं पाट मांडला. मी उभीच राहिले. विचारलं, निशाण उतरलेलं तू पाहिलं होतंस ना?

"बघितला ना, बाय. पन माजी नलू तुमचे शालंन हाय."