घरपोच मधाचं नाव

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. हात कापताहेत, त्यामुळे नमस्कार थोडा तिरका उमटला असेल, तो सरळ करून घ्यावा. मामींचा खोकला कसा आहे? तुमचे गुडघे जिना चढू देतात का? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे क्षेम वगैरे काही नाही. तुम्ही मला लहानपणापासून भागूबाई म्हणत आलात. तेव्हा राग यायचा, आता वाटतं मामांनी माणूस बरोबर ओळखला होता.

तुम्हाला ठाऊकच आहे, ताई कामाला जायची तो पॅकिंगचा कारखाना बंद पडल्यापासून ती गच्चीवर मधमाश्या पाळते. मध झकास निघतो, पण गिऱ्हाईक नाही. ज्या वाण्याच्या फळीवर बाटल्या असायच्या त्याने किराणा मोडून मोबाइलचं दुकान काढलं, आणि चाळीस बाटल्या परत येऊन माझ्या खाटेखाली बसल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की आपण वेबसाइट काढू, खर्च शून्य, मी बघतो सगळं. ताई म्हणाली, काढ, फक्त माझं हसं होऊ देऊ नकोस. मामा, ही बाई चिडली तर परवडेल. ती चिडत नाही, गप्प बसते, आणि मग घरात भांडं ठेवल्याचाही आवाज येत नाही. तिच्या त्या गप्प बसण्याला मी माश्यांपेक्षा जास्त भितो.

तर वेबसाइटला आधी नाव घ्यावं लागतं. नावं ठेवायची तर फुकट, घ्यायचं म्हटलं की पैसे, असा हा प्रकार. मी वाचनालयातल्या संगणकावर बसून (तिथे माणशी चाळीस मिनिटं मिळतात, आणि पुढच्या पाळीचा माणूस मागे उभा राहून खाकरत असतो) एक कंपनी शोधून काढली, जी पहिलं वर्ष नाव फुकट देते. अट एकच, एकदा घेतलेलं नाव वर्षभर बदलून मिळणार नाही. पडद्यावर लिहिलं होतं की हे नाव आत्ता आणखी तिघे बघताहेत. मी मागे वळून पाहिलं, खाकरणारा एकटाच होता, तरी मी खुर्ची पुढे ओढली. त्यातच यंत्राने मला माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. चित्रातले सायकल असलेले चौकोन दाबायचे होते. दोनदा नापास झालो. (घाबरलेल्या माणसाला सायकल नेमकी कुठे संपते ते दिसत नाही, हे त्या यंत्राला कोण सांगणार?)

मला ‘घरपोच मध’ हवं होतं. ते कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. मग यंत्रानेच सुचवलं की शेवटी इंग्रजी ए लावा, ते मोकळं आहे. घड्याळ उलटं पळत होतं, मागचा खाकरत होता, मी ए लावला आणि बटण दाबून मोकळा झालो.

पान सजवायला तयार नमुने मिळतात. त्यातले बरे ते सगळे पैशाचे. फुकटात दातांच्या डॉक्टरचा एक उरला होता. त्यातले दात मी काढले (आयुष्यात काय काय करावं लागतं बघा), पण सगळ्यात वरची ओळ काही केल्या निघेना. ती अशी: अजिबात दुखणार नाही. म्हटलं राहू दे, मधाच्या बाबतीत ते काही खोटं नाही. मग वेबसाइटचं नाव मी चाळीस लेबलांवर इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ताईने शेजारी बसून खळ लावली, अक्षर बरं आहे म्हणाली, आणि सहा बाटल्या तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणींकडे पोचल्यासुद्धा.

सोमवारी ग्रंथपालबाई माझ्या मागे येऊन थांबल्या. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पडदा वाचला आणि हळू आवाजात विचारलं, हा धंदा तुम्ही कधीपासून करता? मामा, इंग्रजीत ध आणि ढ सारखेच लिहितात हे मला शाळेपासून माहीत आहे. पण त्याच्यापुढे ए लावल्यावर काय होतं, ते मला त्या बाईंच्या चेहऱ्यावर कळलं. माझ्या बहिणीच्या चाळीस बाटल्यांवर, माझ्या सुवाच्य अक्षरात, लिहिलंय ‘घरपोच मढं’. आणि वेबसाइटवर तर त्याच्या डोक्यावर, अजिबात दुखणार नाही.

तेव्हापासून फोन सारखा वाजतोय. संपर्कासाठी मी माझाच नंबर दिला होता ना. पहिल्याने विचारलं, नुसतं आणून देता की न्यायलाही येता? दुसरा काही न बोलता हसला, हसण्यावरून ताईचा जुना मुकादम वाटला. तिसऱ्या बाई मात्र खरोखरच दुःखात होत्या, त्यांना वारलेल्या सासऱ्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं, आणि मी घाबरून सांगून बसलो की आम्ही फक्त बाटलीत देतो.

ताईला अजून कळलेलं नाही. तिच्या मनात मध आहे, म्हणून ती मधच वाचते. पण पुढच्या रविवारी तिने त्या मैत्रिणींना घरी बोलावलंय. इतक्या महिन्यांत तिने स्वतःहून कुणाला बोलावलं नव्हतं, आणि नेमकं चारचौघींत माझ्यामुळे तिचं हसं होणार. मला बोलणी खावी लागली तरी चालेल. ती पुन्हा दार लावून आत बसेल, याची मला फार भीती वाटते.

मामींना नमस्कार. खोकल्यावर मध पाठवला असता, पण लेबलामुळे धीर होत नाही.

आपला, जीव मुठीत धरून बसलेला,
भाचा

ता. क. रविवारी सकाळीच या आणि हे नाव तुम्ही सुचवलंत असं ताईला सांगा. तुमच्या वयाकडे बघून ती काही बोलणार नाही.

आणखी ता. क. आजपासून वेबसाइटवर माझ्याऐवजी तुमचा नंबर टाकला आहे. तुम्ही धीट आहात. कुणी काही विचारलंच तर शांतपणे ‘मध’ म्हणावं, ध वर जोर देऊन. पाकीट पोस्टात टाकायला ताईकडेच देतोय, नाही दिलं तर तिला संशय येईल.

मामा, हे खालचं अक्षर माझं, ताईचं. पाकीट धड चिकटवलेलं नव्हतं. लेबलावरचं ‘मढं’ तर पहिल्या लेबलाला खळ लावतानाच मी वाचलं होतं. बोलणार होते, पण हा इतका जीव ओतून लिहीत होता की उरलेली एकोणचाळीसही लावून टाकली. बाटल्या पोचवताना मैत्रिणींना मीच लेबल वाचून दाखवलं, आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो, आणि आता त्यांना आणखी बाटल्या हव्यात, त्याच लेबलाच्या. सासऱ्यांच्या बाईंना मी याच्या फोनमधून नंबर घेऊन परत फोन केला आणि गाडीवाल्याची गाठ घालून दिली. वाचनालयात याने वेबसाइट उघडीच ठेवली होती, तिथला तुमचा नंबर माझ्या सांगण्यावरून ग्रंथपालबाईंनी काढून माझा टाकून दिलाय. रविवारी जरूर या, पण याला यातलं काही सांगू नका. कारखाना सुटल्यापासून सगळे माझ्याशी कीव आल्यासारखे बोलतात, हासुद्धा. या आठवड्यात तो मला पहिल्यासारखा घाबरतोय. मला फार बरं वाटतंय.