पंचविसावी

३ मार्च, मंगळवार

आज लिहू, उद्या लिहू करत दोन महिने काढले. वही दादाने दिली होती, नोकरी लागली त्या दिवशी. पहिल्या पानावर फक्त माझं नाव आहे आणि त्याखाली चहाच्या कपाचं गोल. आळस, दुसरं काय. शिवाय एका जागी बसून काही करायचं म्हटलं की माझ्या पायाला मुंग्या येतात.

तर — मी सध्या काचेच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यात आहे. रिकाम्या बाटल्या क्रेटमधून येतात, कढत पाण्यात धुतल्या जातात, तपासल्या जातात आणि पुन्हा भरायला जातात. मी मात्र बाटलीला हात लावत नाही. मी एचआरमध्ये. काम काय, तर नोकरी सोडून जाणाऱ्यांची मुलाखत घ्यायची. येणाऱ्यांची नाही, जाणाऱ्यांची. एक फॉर्म असतो, त्यात 'सोडण्याचे कारण' असा रकाना असतो, तो भरायचा.

एचआरच्या मॅडमनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला होता. "अकरा नोकऱ्या?"

"ही धरली तर बारावी," मी म्हटलं. "शाळेतली राहिली, ही तरी होऊ दे."

हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोडून जाण्याचा तुला दांडगा अनुभव आहे. तुलाच बसवते."

दादा तिथेच क्रेटच्या पट्ट्यावर आहे, वशिला त्याचाच. राहते पण त्याच्याकडेच, आतल्या खोलीत, वहिनीच्या शिलाई मशीनला खेटून. वहिनी म्हणते, "पायाला भिंगरी लावून आलेली पोरगी. बघू किती टिकते."

परत आलेल्या बाटल्यांत काय काय सापडतं! एक गोगलगाय. एक दुधाचा दात. घडी घातलेली चिठ्ठी, शाई सगळी विरघळलेली. हे सगळं फोरमनच्या खिडकीत मांडून ठेवलंय. मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघून येते. कामाचं सांगायचं राहिलंच. उद्या.

५ मार्च, गुरुवार

उद्या म्हणजे परवा.

गेटवर नवा फलक लागलाय — 'शाश्वत संस्थेकडे वाटचाल'. दादाला विचारलं, शाश्वत म्हणजे काय. म्हणाला, "टिकाऊ." टिकाऊ चपला असतात, टिकाऊ रंग असतो. संस्था कशी टिकाऊ? मॅडमना विचारलं तर त्यांनी मला बसवूनच घेतलं. पाणी वाचवलं, काच परत वापरली, धूर कमी केला, एवढ्याने होत नाही म्हणाल्या. "माणसंच टिकत नसतील तर कारखाना कसला टिकतो?" हे त्या मनापासून बोलतात. पाळणाघर त्यांनी मालकांशी भांडून आणलंय. पाठीला टेकू असलेल्या खुर्च्यापण.

आता तसं सर्टिफिकेट मिळवायचंय. मोठं गिऱ्हाईक त्याशिवाय करार करणार नाही. सर्टिफिकेटवाले महिनाअखेरीस तपासायला येतात, आणि त्यांचा नियम असा की वर्षभरात शंभरातली दहाच माणसं सोडून गेलेली चालतात. आमची अडीचशे. म्हणजे पंचवीस. चोवीस गेली आहेत.

"एकतीस तारखेपर्यंत एकच माणूस जाऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर कोणी फॉर्म मागितला तर संपलेत म्हणून सांग."

एवढं मोठं गेट, वॉचमन, दोन कुत्री. पण दाराला खरा आकडा हा!

९ मार्च, सोमवार

मैत्रिणीचा फोन. तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई दातांचा दवाखाना गाडीतून गावोगाव फिरवतात. मदतीला मुलगी हवीय. नोंदी ठेवायच्या, आरसा धरायचा, रडणाऱ्या पोरांना हसवायचं. सत्तावीसला गाडी निघणार, पुढचे आठ महिने रस्त्यावर. आठ महिने! रोज वेगळं गाव.

दुपारी मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. वाटलं, ओरडतील. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मला वाटलं होतं, तू जूनपर्यंत तरी काढशील."

"मॅडम, मला इथे बांधल्यासारखं होतं."

"सगळ्यांनाच होतं." मग म्हणाल्या, "ठीक. पंचविसावी तू. आजच फॉर्म भर, सही मी सव्वीसला करते. बाहेर ब्र काढू नकोस, नाहीतर उद्या दारात रांग लागेल."

कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. "कौटुंबिक," त्या वर न बघताच म्हणाल्या.

घरी दादा जेवतच राहिला. बोललीच तर वहिनी. "वशिला लावला यांनी, तोंडघशी पडणार हे. तुझं काय, गाशा गुंडाळला की झालं." दादा म्हणाला, "जाऊ दे गं, ती गेली म्हणून कोण तिथे रडणारय." हे बरं की वाईट, कळलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज गोगलगाईलाही टाटा करून आले. उरले पंधरा दिवस.

१६ मार्च, सोमवार

उजेडावरच्या मावशी आल्या होत्या. उजेड म्हणजे — धुतलेल्या बाटल्या एका पांढऱ्या, दिवे लावलेल्या काचेसमोरून सरकत जातात आणि समोर बसलेल्या बाईने तडा गेलेली, डाग राहिलेली बाटली बोटाने उचलून बाजूला काढायची. मावशी तिथे नऊ वर्षं आहेत. मला पहिल्या दिवसापासून 'ए फिरस्ते' म्हणतात. मला कोणी टोपणनावाने हाक मारली की मला आपलं वाटतं, काय करू.

फॉर्म मागितला. मी पढवल्यासारखं म्हटलं, "संपलेत मावशी. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात काय, वाती वळायला येऊ?" लेकीच्या गावी मुलींच्या वसतिगृहात त्यांना स्वयंपाकघरात काम मिळतंय. एक तारखेला हजर व्हायचं. पण इथून सोडल्याचं पत्र पंचवीसच्या आत तिथे पोचायला हवं, नाहीतर दुसरी बाई ठरलेली आहे. "लेक म्हणते, अशी संधी परत यायची नाही. आणि मला आता उजेड सोसत नाही गं."

"सोसत नाही म्हणजे?"

"डोळे मिटले तरी समोर पांढरी पट्टी. ताटातला भात हाताने चाचपते मी."

माझ्या खणात अकरा कोरे फॉर्म होते. गुडघ्याला खण टेकलेला होता. ऑफिसच्या वहीत नाव तरी लिहून ठेवा म्हटलं. लिहिलं. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं — ते टेबलावर नव्हतंच, कडेच्या बाहेर होतं. पडलं. "मेलं," म्हणाल्या आणि चाचपत खाली वाकल्या. मी उचलून दिलं.

१७ मार्च, मंगळवार

सगळी जुनी फाइल काढून बसले. चोवीसच्या चोवीस फॉर्मवर 'कौटुंबिक'. यातले सहा तर मीच भरलेत, न विचारता. मग विभागाचा रकाना मोजत गेले. चोवीसातल्या नऊ बाया उजेडावरच्या!

मध्येच एक आठवलं. तिसऱ्या का चौथ्या नोकरीत मी फोटो स्टुडिओत होते. लोकांच्या चेहऱ्यावरचे तीळ, व्रण पुसायचे. एकदा एका बाईचा हनुवटीवरचा तीळ पुसला, तर नवरा फोटो घेईना. म्हणाला, ही कोण, मला माझी बायको द्या. तेव्हा हसले होते.

भिंतीवर मॅडमचा तक्ता आहे. उजेडावर वीस मिनिटं, मग दहा मिनिटं दुसरं काम. चार बाया आळीपाळीने. दादाला विचारलं, असं होतं का रे. "चार होत्या तेव्हा व्हायचं. दोन राहिल्या. आता दीड-दीड तास बसतात."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीतय. फॉर्मलाच माहीत नाही."

१९ मार्च, गुरुवार

मॅडमना सांगितलं. नऊ बायांचं, मावशींचं, पत्राचं. त्यांनी उठून दार लावलं.

"मला काय डोळे नाहीत? दोन बाया मागतेय सहा महिने. मालक म्हणतात, करार होऊ दे, मग घ्या. करार सर्टिफिकेटवर अडलाय, सर्टिफिकेट आकड्यावर. आणि करार गेला तर आधी कोण घरी जाणार, सांग? नवीन लागलेले चाळीस. तुझ्यासारखे."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

"एक तारखेला उजेडावर दोन बाया देते. शब्द."

"मावशींना एक तारखेला तिकडे हजर व्हायचंय."

त्या खिडकीतून क्रेट मोजत असल्यासारख्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक जागा आहे. तुला दिलीय. तुला त्यांना द्यायची तर दे. मी दोघींना सोडू शकत नाही."

म्हणजे झालं, ढकललं माझ्या अंगावर. मी यातली कोण? दोन महिन्यांची बाई! अकरा ठिकाणं सोडली, कुठे कुणाची वाट अडवली नव्हती. कारण कुठे एवढी थांबलेच नव्हते.

नुसती निघून गेले तर? सही नाही, फॉर्म नाही — दादाचं नाव आहे माझ्या अर्जावर जामीन म्हणून. त्याला उभं करतील.

२० मार्च, शुक्रवार

मैत्रिणीचा फोन आला. उचलला नाही.

२१ मार्च, शनिवार

अर्धा दिवस. चालत नदीच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. पुलावर एक माणूस रंग देत होता. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गंजतं म्हणाला, म्हणून त्याचं काम संपतच नाही. त्याला कंटाळा येतो का विचारलं. "येतो की. मग चहा पितो." मला असली माणसं समजत नाहीत. ती झोपतात कशी?

संध्याकाळी वहिनी मशीनवर होती. म्हटलं, वहिनी, मी नाही गेले तर चालेल का? पाय न थांबवता म्हणाली, "मला विचारू नकोस. मी मोकळ्या खोलीचे पडदे बेतलेत." मग दोरा तोडून म्हणाली, "राहिलीस तर त्याच कापडाची तुला उशी करीन."

२३ मार्च, सोमवार

सकाळी माझा फॉर्म मॅडमच्या ट्रेमधून काढून घेतला आणि फाडला. दोनदा. मावशींना बोलावून कोरा फॉर्म पुढे केला.

"संपले होते ना?"

"छापून आले."

"खोटं बोलताना कान लाल होतात तुझे. तुझी जागा ना ही? कळलंय मला, तुझ्या भावाने सांगितलं." आभार वगैरे काही नाही. नुसतं म्हणाल्या, "रडू नकोस फिरस्ते, मला दिसत नाही तरी आवाज येतो." मी रडत नव्हते. फारशी.

कारणाशी आल्यावर माझं पेन थांबलं. मी म्हटलं, 'डोळे' लिहू? पुढच्यांना उपयोग होईल. मावशी म्हणाल्या, "आणि वसतिगृहवाल्यांनी वाचलं म्हणजे? आधी माझं पत्र दे हातात. मग काय लिहायचं ते बघू." बरोबर होतं. खरं बोलायचा सोस मला, नोकरी जायची त्यांची.

पत्रात कारण नसतंच. दोन ओळींचं असतं — अमक्या तारखेपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. मॅडमनी सही केली, शिक्का मारला. मावशींनी घडी घालून पोलक्यात ठेवलं, वरून हाताने दोनदा थापटलं.

"हां. लिही आता. डोळे. आणि दीड तास पण लिही."

लिहिलं. फॉर्म मॅडमकडे नेला. त्यांनी रकाना वाचला. मग परत वाचला. मला वाटलं, आता म्हणतील, कौटुंबिक कर. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. आणि सही केली.

"फाइलमध्ये लाव," म्हणाल्या. "सगळ्यात वर."

२६ मार्च, गुरुवार

तपासणी झाली. दोघे होते. एक पाण्याचे मीटर बघत हिंडला, दुसऱ्या बाई दिवसभर आमच्या खोलीत. वरचाच फॉर्म वाचला. मग बाकीचे चोवीस मागितले. मीच नेऊन दिले. एकेक उलटत गेल्या. शांतपणे, भाजी निवडावी तसं.

"हे सगळे खरंच कौटुंबिक?" त्यांनी मॅडमना विचारलं.

मी दारात. मला वाटलं, मॅडमकडे उत्तर तयार असणार. चाळीस माणसांचं, कराराचं, एक तारखेचं. सगळं त्यांनी मला किती नीट समजावलं होतं.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. बाईंनी लिहून घेतलं. पाच वाजता मालकांनी मॅडमना बोलावलं. मी सहापर्यंत थांबले. त्या बाहेर आल्या नाहीत.

२७ मार्च, शुक्रवार

दातांची गाडी आज गेली. मैत्रिणीने फोटो पाठवलाय. माझ्या जागी कोणीतरी दात दाखवत उभी आहे.

मॅडम कामावर नव्हत्या. करार राहिला की गेला, कोणी सांगत नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. नवीन चाळीसातला एकजण जाता जाता म्हणाला, "झालं समाधान?" अर्धं ताट ठेवून उठले. खोलीत दिवसभर एकटीच. बाहेर क्रेटचा आवाज. दहा पावलं लांब, सात पावलं रुंद — आज मोजली.

मावशी पोचल्या. लेकीच्या फोनवरून निरोप आला, "फिरस्तीला सांगा, इथे खिडकीत झाड आहे."

२९ मार्च, रविवार, सकाळी

घाईत लिहितेय. दाराची कडी वाजली, मला वाटलं पेपरवाला. मॅडम आल्या आहेत. बाहेर बसल्यात, वहिनी चहा टाकतेय, दादा शर्ट शोधतोय. मॅडमच्या हातात कोरा फॉर्म आहे. मला म्हणाल्या, "मुलाखत तू घेतेस ना? घे. कारण मी सांगते तसं लिही."