कुलूप म्हटल्यावर

डोव्हर, ३ जून

ती. थेल्मा आत्या,

सा. न. वि. वि. त्यातला साष्टांग फक्त कागदावर, कारण लाइलकाकाने काल धक्क्यावरून ढकललं, कंबर धरलीय.

आपल्या 'मर्टल' बोटीची चावी गायब आहे. गिऱ्हाईक बोट बघायला आलं त्याच दिवसापासून. काका म्हणतो, असली थेरं या केलचीच, चावी दे नाहीतर माझ्या बोटीवर पाय ठेवू नकोस. त्याची कसली, बोट आजोबांची. त्याच्या डब्यात जिवंत खेकडा सोडला तो मीच, पण चावी नाही गं.

मला संशय वेगळाच आहे. मेंदूचा झटका आल्यापासून आजोबा भलतंच बोलतात, पाव मागितला तर साबण देतात. म्हणून काका त्यांच्यासमोरच ठरवत बसतो, बोट विकायची आणि यांना वृद्धाश्रमात ठेवायचं. म्हणतो, त्यांना शब्दच कळत नाहीत, भिंतीशी बोलल्यासारखं. पण परवा तो हे बोलत होता आणि आजोबांचा चमचा कपात थांबला. मी बघितलं.

तू काम करतेस त्या विद्यापीठात शब्द ओळखायचं मशीन चालवणाऱ्या बाई आहेत ना? विचार ना.

लोभ आहेच, फ्रूटकेक पाठवलास तर वाढेल.

तुझा केल

होबार्ट, ८ जून

चि. केल यास अ. उ. आ.

मागे बंदरात देवमासा मेलाय म्हणून कळवलंस आणि मी रजा काढून धावत आले, तर देवमासा नव्हताच. तेव्हा हे पत्र मी उलटसुलट करून वाचलं. चावी तुझ्याकडे असेल तर गुपचूप खिळ्याला अडकव. बाबांना घेऊन ये, बाई तयार आहेत. लाइललाही आण, नाहीतर म्हणेल आपण दोघांनी संगनमत केलं.

केक नाही. माया आहे.

तुझी आत्या

डोव्हर, १६ जून

ती. आत्या,

सा. न. वि. वि. तू कामावर होतीस म्हणून सांगतो. काकाला वाटलं मी आजोबांना पढवून आणलंय, म्हणून बाईंनी आधी मलाच बसवलं. पडद्यावर एक शब्द चमकतो, मग दुसरा. दुसरा खरा शब्द असेल तर बटण दाबायचं, नुसती जुळवलेली अक्षरं असतील तर नाही. मी ठरवलं, सगळीकडे सारख्याच वेगाने दाबून मशीनला मामा बनवायचा. पण 'सुई'नंतर 'दोरा' आला की बोट माझ्याआधीच गेलेलं. मेलं फितूर निघालं.

मग आजोबा बसले. काका दाराच्या काचेला नाक लावून उभा, मी पाठीमागून खुणा करतो की काय ते बघत.

निकाल कळव. माझ्यावर भरवसा नसला तरी जीव असू दे.

केल

होबार्ट, २७ जून

चि. केल यास अ. उ. आ.

चित्रांतून वल्हं दाखवा म्हटलं तर बाबांनी चमचा दाखवला. मुद्दाम विचारलेलं बहुतेक सगळं चुकलं. पण मशीनवर 'वल्हं' चमकून मग 'होडी' आली की त्यांचं बटण पटकन दाबलं जातं, 'बशी'नंतर आली तर उशिरा. बाई म्हणाल्या, अर्थ आपोआप आत पोचतो, विचारलं की वाट चुकते. सगळंच कळतं असं त्या म्हणत नाहीत. पण माणूस भिंत नाही.

लाइलला फोनवर सांगितलं. सगळं परत एकदा सांगायला लावलं त्याने. मग म्हणाला, "त्यांच्यासमोर मी काय काय बोललो गं."

गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलंय त्याने. नक्की मात्र काही नाही. आता तरी चावी दे.

तुझी, अजून संशयातच असलेली, आत्या

डोव्हर, २ जुलै

ती. आत्या,

सा. न. वि. वि. काका हल्ली आजोबांच्या खोलीत दार वाजवून जातो.

काल मी त्यांच्यासमोर बटाटे सोलत बसलो आणि सहज पुटपुटल्यासारखे शब्द टाकत गेलो. बटाटा, पाऊस, चर्च. काही नाही. मग म्हटलं, कुलूप. चावी म्हटलंच नाही हां. त्यांची नजर सटकन दारामागच्या माझ्या गळक्या बुटांवर गेली आणि तितक्याच घाईने परत आली. पण गेली होती.

डाव्या बुटात, मोज्याच्या आत, चावी. सापडली असती तरी चोर मीच ठरलो असतो. घरात असला उस्ताद, आणि नाव माझं खराब!

मी चावी वर धरली. आजोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "केटली."

मी परत बुटात टाकली. बोट विकायची नाही, असं काका त्यांच्यासमोर म्हणेपर्यंत चोर मीच बरा. तुझी माया राहू दे, हे पत्र चुलीत जाऊ दे.

केल

ता. क. पत्र टाकायला निघालो तर माझी टोपी गायब. आजोबा चहा ढवळतायत.