दक्षिण ध्रुव, मार्गे बर्फाचा कारखाना

२ मे १९७६, सकाळ
पेपरात जाहिरात. पुण्याचे एक मंडळ दक्षिण ध्रुवावर मोहीम नेणार. तिघातिघांच्या टीमचे अर्ज हवेत. अट: महिनाभरात प्रत्येकाने साठ तास थंडीत काढल्याची नोंद, साक्षीदारासह. सोलापुरात मे महिन्यात थंडी कुठली, असा प्रश्न सामान्य माणसाला पडला असता. मला पडला नाही. साडू सिद्धप्पांचा बर्फाचा कारखाना आहे. सोळा वर्षे फायली उपसल्या. हे हुकले तर मी हेडक्लार्क म्हणूनच मरणार, हे मला स्वच्छ दिसते आहे.

४ मे
टीम ठरली. लीडर मी. शिवाय कचेरीतला शिपाई धोंडीराम आणि शेजारचे चादरवाले नागप्पा. बर्फाच्या खोलीत रोज दोन तास बसायचे म्हटल्यावर धोंडीराम लगेच व्हय म्हणाला. ध्रुव कुठे आहे हेही विचारले नाही. याला म्हणतात निष्ठा. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

६ मे, संध्याकाळी ५
ट्रेनिंग सुरू. पोशाख: लग्नातला कोट, माकडटोपी, वरून सोलापुरी चादर. आतला मुक्काम चार मिनिटे. माझ्या दातांच्या आवाजाने टीमची एकाग्रता भंगू लागली, म्हणून बाहेर आलो. लीडरने टीमचा विचार आधी करायचा असतो.
आतला हमाल हरिबा बनियनवर, अनवाणी, बर्फाच्या लाद्या ओढत होता. साहेबांस्नी बरं न्हाय का, असे त्याने धोंडीरामला विचारले. ट्रेनिंग नसलेल्या माणसाला काय कळणार.

११ मे
शिधा नक्की केला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बायकोला, गौरम्माला, महिनाभराच्या भाकऱ्या करायला सांगितल्या. ती म्हणाली, ध्रुवावर न्या न्हाईतर कुटंबी न्या, आधी दळण आणा. आणले.

१५ मे
धोंडीराम: वीस तास, पैकी अठरा झोपेत. नागप्पा: वीस तास. आज मेव्हण्यालाही घेऊन आले, त्यालाही फार आवडले. टीम स्पिरिट वाढते आहे. मी: एकूण एकोणपन्नास मिनिटे. उद्यापासून हयगय नाही.

१६ मे
पोट बिघडले. चटणी.

१९ मे
नवी योजना. लीडरने रोज साडेतीन तास दारात बसून दोघांवर, आणि ते गेल्यावर बर्फावर, लक्ष ठेवायचे. दाराच्या फटीतून थंडी येतेच. ते तास धरायला हरकत नाही. दार लावा की, लाद्या वितळाय लागल्यात, असे हरिबा तीनदा म्हणाला. शिस्तीचा माणूस आहे. टीममध्ये शोभला असता, पण शिक्षण नाही.

५ जून
चार दिवस आभाळ, हवा गार. टीम आज फिरकली नाही. धोंडीराम म्हणाला, आता घरीच बरं वाटतंय की. सुदैवाने दोघांचे साठ तास कालच भरले.
अर्ज भरला. हरिबाने साक्षीचा अंगठा देण्याआधी सगळे वाचून दाखवायला लावले. माझ्या साठ तासांपुढे 'पैकी एकोणसाठ दारात' असे घातल्यावरच अंगठा उठवला. म्हणून मंडळावर छाप पडावी यासाठी मी खाली टीप जोडली: साक्षीदार अत्यंत खात्रीचे, एकोणीस वर्षे, रोज आठ तास, याच खोलीत, अनवाणी.

१० जून
पोस्टमनला घर नीट दाखवून ठेवले.

२८ जून
पुण्याचे पत्र आले, पण कारखान्यावर. हरिबाने वाचायला बोलावले. कोट घालून गेलो.
मंडळाने श्री. हरिबा यांना मुलाखतीला बोलावले आहे. आमच्या टीमचे एका ओळीत आभार. हरिबाला नीट कळावे म्हणून दोनदा वाचले.
तितं काय असतं, हरिबाने विचारले. बर्फ, मी म्हणालो. आनि काय? बर्फच. तो लादीला टेकून बराच वेळ हसला. सुट्टी काढून बी बर्फच बघायचा व्हय, म्हणाला. नको म्हणून लिवा.
मी गेलो असतो. चालत गेलो असतो.
नकाराचे पत्र मीच लिहिले, चांगल्या अक्षरात. हरिबाने अंगठा उठवला. त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. सही करायला आत हरिबापाशी जावे लागले, तेवढी चार मिनिटे इथे नोंदवतो.